कंपनीचे कॅलेंडर नव्या सर्व्हरवर नेताना : माझा अनुभव

शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याच्या बैठकांचे वेळापत्रक बरीच वर्षे एका जुन्या कॅलेंडर सर्व्हरवर होते. ते मोबाइलवर नीट दिसत नसल्याने नव्या सर्व्हरवर नेण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ‘कॅलडॅव्ह’ (कॅलेंडरचे ॲप आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीचे सामाईक प्रमाणक) पाळणाराच सर्व्हर घ्यावा असा आग्रह मी धरला. १९९० च्या दशकात लोटस नोट्स, एक्स्चेंज अशा प्रत्येक प्रणालीची नोंदी ठेवण्याची रीत निराळी होती. १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ हे सामाईक रूप प्रमाणित झाले आणि २००७ च्या कॅलडॅव्हमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप एकाच सर्व्हरला जोडण्याची सोय झाली.

नोंदी आयकॅलेंडर फाइलमध्ये सहज निघाल्या. खरे काम त्यापुढे होते. ही फाइल साध्या मजकुराची असते, म्हणून मी ती नोटपॅडमध्ये उघडून ओळीने वाचली. जर्मन ग्राहकाबरोबरची दर मंगळवारची बैठक तिकडच्या सकाळी साडेदहाची. जुन्या सर्व्हरने मात्र ती ‘यूटीसी ०९:३०’ अशी, म्हणजे ऋतूनुसार न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, काढली होती. हिवाळ्यात हे बरोबर ठरते, कारण तेव्हा आपल्याकडे दुपारचे तीन वाजलेले असतात. परंतु मार्चच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतील घड्याळे तासभर पुढे जातात, त्यांचे साडेदहा म्हणजे आपले दोन होतात आणि यूटीसीत गोठलेली नोंद तीनवरच राहते. अशा प्रत्येक आवर्ती बैठकीला मी ‘युरोप/बर्लिन’ हा टाइमझोन हाताने लावला. माझ्या मते स्थलांतरात सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

दुसरी काळजी निमंत्रणांची होती. कॅलडॅव्हला जोडलेल्या २०१२ च्या प्रमाणकानुसार, आयोजकाने निमंत्रितांसह नोंद ठेवली की निमंत्रण सर्व्हर स्वतःच धाडतो; म्हणजे जुन्या नोंदी भरताना ग्राहकांना पुन्हा निमंत्रणे गेली असती. त्यामुळे नोंदी भरून होईपर्यंत सर्व्हरवरून बाहेर जाणारी मेल बंद ठेवली.

सुट्ट्यांचा प्रश्न मात्र सर्व्हरने सुटला नाही. दरवर्षीच्या पुनरावृत्तीचा नियम इंग्रजी तारखेवर चालतो आणि जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला असते. म्हणून तिथीनुसार येणाऱ्या सुट्ट्या आमचा प्रशासन विभाग दर डिसेंबरात पंचांग पाहून सामाईक कॅलेंडरमध्ये भरतो, आणि उत्पादन विभागाचे पुढील वर्षाचे नियोजन त्यानंतरच सुरू होते.