आईचा कुकर आणि वागळे इस्टेट

परवा आईच्या कुकरचं रबर आणायला ठाण्याच्या मार्केटात गेलो, नुसतं "हॉकिन्सचं, पाच लिटर" म्हटलं तर दुकानदाराने न बघताच हात घालून काढून दिलं. हा कुकर आमच्याकडे १९८८ पासून आहे. हँडल दोनदा बदललं, रबरं किती झाली ते मोजलंच नाही.

तेव्हा आम्ही ठाण्यातच किसननगरला राहायचो आणि आई येईल त्याला अभिमानाने सांगायची, हा आपल्या वागळेत बनतो. आणि खरंच, हॉकिन्सचा कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतच. नावामुळे मला लहानपणी कंपनी इंग्रजांची वाटायची. नाव तिकडचंच आहे, पण कंपनी इथली, १९५९ मध्ये एच. डी. वासुदेव यांनी इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्स कंपनीकडून तंत्रज्ञान घेऊन सुरू केली. पुढे पंजाबात होशियारपूरला आणि यूपीत जौनपूरलाही कारखाने झाले, पण आमच्यासाठी हॉकिन्स म्हणजे ठाणेच.

आता खरं सांगायचंय ते झाकणाबद्दल. हा कुकर यायच्या आधी आमच्याकडे दुसरा एक होता, झाकण बाहेरून बसायचं त्याचं, आणि एकदा आईने घाईत वाफ असतानाच ते फिरवलं, झाकण उडालं आणि सगळी डाळ छतावर, आईच्या मनगटाला भाजलं ते वेगळंच. त्याच आठवड्यात बाबा हॉकिन्स घेऊन आले. याचं झाकण थोडं लांबट, ते तिरकं करून आत सोडायचं, सरळ करायचं आणि वर ओढून हँडल अडकवायचं. वाफ तयार झाली की तीच झाकणाला आतून काठावर दाबून धरते, त्यामुळे आत प्रेशर असेपर्यंत तुम्ही कितीही जोर लावा, ते निघत नाही, वाफ उतरली की हँडल सोडवल्यावर सहज खाली येतं. शिट्टीच्या वजनामुळे आत दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी साधारण १२० डिग्रीला उकळतं, तूरडाळ लवकर शिजते ती त्यामुळे. किती साधी आणि किती विचार करून केलेली रचना आहे ही! मला अजूनही दरवेळी बघताना छान वाटतं.

माझी मुलगी आता कुकर लावायला शिकतेय. झाकण आत गेलं की तिला ते फिरवता येत नाही, मग आई तिचा हात धरते, "आधी तिरकं, मग सरळ, आता वर ओढ."