मुधोळचा कुत्रा दोन पायांवर उभा करताना

जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला अमेरिकेत पिट्सबर्गच्या अधिवेशन केंद्राबाहेर पोशाख चढवलेले, माणसाएवढे कोल्हे, वाघ, ससे रांगेनं निघतात. आपल्याकडे शिवजयंतीचे चित्ररथ बघायला लोक जसे जागा धरून थांबतात, तशी तिथली कुटुंबं मुलांना खांद्यावर घेऊन उभी असतात. या संमेलनाचं नाव ॲन्थ्रोकॉन. १९९७ मध्ये ते ऑल्बनीला सुरू झालं आणि २००६ पासून पिट्सबर्गला भरतं. माणसासारखे वागणारे प्राणी रंगवणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि त्यांच्यात रमणाऱ्या या मंडळींना 'फरी' म्हणतात. स्वतःसाठी घडवलेल्या पात्राला 'फरसोना'.

बेळगावात मोबाईलवर पोचतात ते फक्त केसाळ पोशाखांचे फोटो. पण बहुतेकांकडे पोशाख नसतोच. या छंदाचा पाया चित्रकलेचा आहे. १९८० च्या दशकात विज्ञानकथांच्या संमेलनांत प्राणीपात्रं काढणारे आपापल्या वह्या घेऊन बसायचे. त्यातूनच १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात कोस्टा मेसा इथं या मंडळींचं पहिलं स्वतंत्र संमेलन भरलं.

नृसिंह, वराह आणि गणपतीची पूजा करणाऱ्या आणि पंचतंत्रातल्या करटक-दमनकाची खलबतं लहानपणीच ऐकलेल्या आपल्या लोकांना यात परकं वाटावं असं काही नाही. मात्र एक फरक मोठा आहे. गणपतीचं रूप परंपरेनं ठरवून दिलेलं असतं. इथं पात्राची जात, रंग, चाल, स्वभाव सगळं काढणाऱ्यानं ठरवायचं. एवढी मोकळीक असूनही बरीच पात्रं निळ्या डोळ्यांचे लांडगे नाहीतर हस्की, म्हणजे बर्फाळ भागातले कुत्रे, निघतात, आणि आपल्याकडची मुलंही कधी न पाहिलेला हस्कीच गिरवतात. मला हे मनापासून खटकतं. जो प्राणी चालताना, बसताना, खाताना रोज दिसतो, त्याचंच पात्र जिवंत होतं.

आपल्या भागातला मुधोळचा शिकारी कुत्राच घ्या. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब अरुंद तोंड, आखूड केस. केसांचे झुबके काढून चुका झाकायची सोय नाही, म्हणून हाडं कळावीच लागतात. मागच्या पायात 'उलटा गुडघा' दिसतो ती खरं तर टाच असते. खरा गुडघा वर, पोटाच्या रेषेजवळ, पुढे वाकलेला असतो. कुत्रा बोटांवर चालतो. त्याला दोन पायांवर उभा करताना कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच आणि टाच ते बोटं असे साधारण सारखे तीन भाग धरावेत. मग छातीच्या मधून खाली सरळ रेघ टाकावी. ती बोटांवर पडली पाहिजे. टाचेच्या मागे पडली तर पात्र मागे कोसळतंय असं दिसतं, आणि नवख्यांच्या दहातल्या आठ चित्रांत हेच होतं. शेपूट पाठीच्या कण्याचं टोक आहे, ती बसायच्या जागेच्या जरा वर फुटते. कमरेच्या पट्ट्यातून बाहेर आलेली शेपूट चिकटवल्यासारखी वाटते. पँटचं भोक कमरपट्टीच्या खाली हवं.

डोक्यासाठी आधी गोल, त्यावर निमुळती पेटी. मुधोळच्या कुत्र्यात ही पेटी कवटीइतकीच लांब आणि कपाळापासूनचा उतार अगदी कमी. समोरून काढताना तोंड सपाट होतं, कारण नाकाची सावली खालच्या ओठावर टाकायची राहते. भुवया ठळक नसल्यामुळे भाव कानांवर ठेवावे लागतात. पडलेल्या कानाचं फक्त मूळ हलतं, टोक लोंबतंच राहतं. कुत्रा दचकला तर मूळ वर उचला, पण टोक ताठ करू नका.

म्हैस याहून अवघड. ती खुरांवर, म्हणजे नखांवर उभी असते, आणि डोळे बाजूला असल्यानं समोरून एका वेळी दोन्ही पूर्ण दिसत नाहीत. पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्यापलीकडे मागे जातात, त्यामुळे डोक्यावरून घालायचा शर्ट तिला देता येत नाही. बटणांचा द्या. दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात, तेव्हा दहा मिनिटं फक्त त्यांच्या माना बघा.

पोशाख करायचाच असेल तर आधी डोकं करा. माकडटोपीवर गादीकामाचा १ इंची फोम चिकटवून आकार कापतात. खोट्या फरचं कापड नेहमी उलट्या बाजूनं, ब्लेडनं कापायचं. कात्रीनं केस तुटतात आणि शिवणीवर बोथट रेघ उमटते. दोन गालांचे तुकडे आरशासारखे उलटे कापले नाहीत तर एका गालाचे केस वर जातात, आणि महाग कापड वाया जातं. लांब केस शिवण झाकतात, आखूड झाकत नाहीत. म्हणून मुधोळचा पोशाख लांडग्यापेक्षा कठीण. बोटांवर चालणारे पायही आभासच आहेत. आत माणसाचं पाऊल सपाट असतं, मांडीपुढे आणि पोटरीमागे फोम भरून वाक दाखवतात. डोळ्यांच्या जाळीतून फार कमी दिसतं, म्हणून सोबत एक माणूस लागतो. उष्णता भयंकर. संमेलनांत पंखे आणि पाणी ठेवलेली वेगळी खोली असते, तिथं डोकं काढून बसतात. बेळगावात हा उद्योग डिसेंबरातच करावा, एप्रिलात मुळीच नाही.

घरबसल्या परदेशी गिऱ्हाइकांची कामं घेणारे कलाकार आता आपल्याकडेही होऊ शकतात. गिऱ्हाईक पात्राचा तक्ता देतं: समोरून, मागून, बाजूनं, आणि प्रत्येक रंगाचा कोड. तो नसेल तर काम घेऊ नये, कारण नंतर पट्टा डाव्या पायावर की उजव्या यावरून वाद होतात. निम्मे पैसे आधी. कच्च्या रेखाटनाला लेखी होकार घ्यावा आणि रंग भरल्यावर पात्राची उभं राहायची ढब बदलून देऊ नये. एआयनं काढलेलं चित्र आपलं म्हणून विकू नये. फरॲफिनिटी या जुन्या चित्रस्थळानं २०२२ मध्येच अशा चित्रांना बंदी घातली, आणि ते योग्यच केलं.

पालकांना एक सांगायचं आहे. या जगात प्रौढांसाठीची चित्रंही असतात. अठराखालच्या मुलाचं खातं उघडताना वयाची गाळणी चालू आहे का ते स्वतः बघा, आणि अनोळखी माणसाशी खासगी बोलणं नको हे स्पष्ट सांगा. पण वही काढून घेऊ नका. तीच मुलं घेऊन रविवारी बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात जा. प्रत्येक चित्राला ३० सेकंद, अशी वीस चित्रं, खोडरबर न वापरता. आधी फक्त पाठीची रेघ, मग पाय कुठं टेकतात ती जागा. चेहरा सगळ्यात शेवटी.