नखभर हिरवं

बर्फ वितळून जमीन जरा मोकळी झाली की मी अंगठ्याचं नख घेऊन बागेत निघते. नखं वाढवण्याची हौस मला नाही, हे एक एवढ्याच कामापुरतं राखलेलं. फांदीच्या शेंड्याजवळ साल हलकेच खरवडायची. खाली ओलसर हिरवी रेघ उमटली तर फांदी जिवंत. कोरडं, तपकिरी निघालं तर वीतभर खाली सरकून पुन्हा खरवडायचं आणि हिरवं लागेल तिथवर कापायचं. अख्खा हिवाळा काढलेल्या झाडाची एवढीच हजेरी. कधी कधी पार जमिनीपर्यंत खरवडत जाते, तरी हिरवं लागत नाही. मग त्या झाडासमोर उकिडवं बसून आपलं काय चुकलं याचा हिशेब मांडायचा.

हिशेब बऱ्याचदा खरेदीपाशीच येऊन थांबतो. नर्सरीत मी कित्येक वर्षं फुलं बघून रोपं उचलली. फुलावर आलेलं रोप म्हणजे लग्नातला नवरदेव. त्या दिवशी सगळेच बरे दिसतात. कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात झोनचा आकडा असतो, तो वाचायची सवय मला तीन गुलाब दगावल्यावर लागली. ही मोजपट्टी अमेरिकेच्या कृषी खात्याची, तिचा पहिला नकाशा १९६० चा. आता तिच्यात १३ झोन आहेत आणि आकड्याचा अर्थ इतकाच, की त्या भागात वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती थंड असते. पाचवा झोन म्हणजे साधारण उणे २९ ते उणे २३ अंश सेल्सियस. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसा झोन पाहून खड्डा खणावा. कुंडीतच ठेवायचं असेल तर मी आणखी दोन झोन थंडीकडे सरकून रोप निवडते. जमिनीतल्या मुळांना थंडी वरून लागते, कुंडीतल्यांना चहूबाजूंनी. मातीची कुंडी असेल तर तीही जाते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि कुंडीला फुगता येत नाही.

पण झोनचा आकडा एका रात्रीचा. बाकीच्या रात्रींबद्दल तो चकार शब्द काढत नाही, आणि माझी बरीच झाडं गेली ती त्या बाकीच्या दिवसांत. कडाक्याच्या थंडीत ती गाढ झोपलेली असतात. घात करतात ते मधले दोन-चार उबदार दिवस. दुपारी माती सुटते, रात्री पुन्हा गोठते, आणि त्या उठाबशांत पानगळीच्या दिवसांत लावलेलं कोवळं रोप मुळांसकट वर ढकललं जातं. एका सकाळी बघावं तर हिरडीतून सुटलेल्या दातासारखं ते मातीवर डोकावत असतं, मुळं उघडी, वाऱ्यावर.

आच्छादन घालायचं ते यासाठी. मला आधी वाटायचं, आच्छादन म्हणजे झाडाची गोधडी, ऊब द्यायची. म्हणून पहिल्या वर्षी थंडीची चाहूल लागताच वीतभर पालापाचोळा पसरला. उंदरांनी त्यात आनंदाने संसार मांडला आणि शेजारच्या कोवळ्या खोडाची साल कुरतडून खाल्ली. अति तिथे माती म्हणतात. इथे माती आधीच होती. खरी रीत अशी, की जमीन एकदा गोठू द्यायची आणि मग पाचोळा घालायचा. गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी, मधल्या उबेने तिची झोपमोड होऊ नये म्हणून. ज्या साली बर्फाचा जाड थर टिकतो त्या साली हेही फारसं लागत नाही. बर्फ पडत नाही आणि नुसती कोरडी थंडी पडते, ते वर्ष वाईट.

सदाहरित झाडांचं दुखणं निराळं. ती थंडीने कमी आणि तहानेने जास्त मरतात, हे मला पटायला वेळ लागला. जमीन गोठलेली असल्याने मुळांना पाणी मिळत नाही, वर ऊन आणि वारा पानांतलं पाणी ओढतच राहतात. ऱ्होडोडेंड्रॉन त्यावर छान उपाय करतो. थंडी वाढेल तशी पानं खाली झुकवून विडीसारखी गुंडाळून घेतो. सकाळी खिडकीतून त्याची सुरळी बघितली की थर्मामीटर बघावा लागत नाही. आपण करायचं ते इतकंच, की जमीन गोठायच्या आधी त्याला पोटभर पाणी पाजायचं. अंगात स्वेटर घालून, हातात पाण्याची झारी घेऊन मी उभी असते तेव्हा येणारे-जाणारे जरा थबकून बघतात.

मोगऱ्याचं मात्र कौतुक घरात, खिडकीशी. त्याला गोठलेलं दवही सोसत नाही. उलट ट्यूलिपच्या कंदाला तीन-चार महिने थंडी मिळाली नाही तर तो धड फुलतच नाही. पिओनीलाही थंडी हवीच, आणि तिच्या मुळांवरचे कोंबांचे डोळे दोन इंचांहून खोल पुरले तर ती वर्षानुवर्षं नुसती पानं दाखवते. काळजीपोटी जरा खोल पुरून मी हेही करून पाहिलेलं आहे. हायड्रेंजियाची गोष्ट तर सांगण्यासारखी नाही. मोठ्या पानांची ती जात पुढच्या वर्षाच्या कळ्या आदल्या वर्षीच धरते, आणि मी तीन वर्षं हिवाळ्याआधी टापटीप म्हणून तिला छाटत होते.

सगळ्यात मोठी फजिती मात्र जास्वंदीने केली. थंडी सोसणारी एक जात असते, हिवाळ्यात वरून पूर्ण मरते, मुळं तेवढी राहतात. त्या साली ट्यूलिप येऊन गेले, पिओनी फुलून तिच्या पाकळ्याही झडल्या, आणि जास्वंदीच्या जागी नुसते वाळके दांडे. नख लावलं. हिरवं नाही. पार बुंध्यापर्यंत खरवडलं, तरी नाही. शेवटी फावडं घातलं. ढेकूळ उलटलं, तर मुळाच्या गड्ड्यावर करंगळीएवढा तांबूस कोंब, टुमटुमीत, फावड्याच्या धारेने एका अंगाला चिरलेला. ही बाई माती चांगली तापल्याशिवाय उठतच नाही, आणि तिच्या दांड्यांना नख लावून काडीचंही कळत नाही. ढेकूळ होतं तसं परत ठेवलं, हातांनीच माती दाबली, पाणी घातलं, आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

उन्हाळा सरता सरता तिला एकच फूल आलं, ताटलीएवढं. दुसऱ्या दिवशी मिटून गेलं. आता दांडे कापताना वीतभर ठेवते, जागा कळावी म्हणून, आणि शेजारी पाटी रोवली आहे, ‘खणू नये’. ती घरातल्यांसाठी आहे असं मी सांगते.