रिपीट ऑफेंडर कागदावर पहिलटकरच असतो

डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणला एका लहान मुलीचं अपहरण करून खून झाला, आठवत असेल. आरोपीवर आधीचे गुन्हे नोंद होते आणि तो बेलवर बाहेर होता. ही बातमी आल्यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एकच मेसेज फिरत होता, कायदा कडक करा, फाशी द्या. मी वकील आहे, पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या कायद्याच्या केसेसमध्ये बऱ्याचदा मुलांच्या घरच्यांकडून उभी राहते, म्हणून मला विचारलं गेलं की असे गुन्हे पुन्हापुन्हा करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा का नाही. तिथे टाइप करत बसायचा कंटाळा आला म्हणून इथे लिहितेय.

कायदा आहे हो. पॉक्सो कायद्याच्या कलम ५ मध्ये अगदी शेवटाकडे एक पोटकलम आहे, टी. आधी लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाने मुलावर पुन्हा बलात्कारासारखा गुन्हा केला तर तो गंभीर प्रकार धरायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी वीस वर्षं, आणि वर मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशीसुद्धा. एकाच मुलावर पुन्हापुन्हा अत्याचार झाले तर त्यासाठी वेगळं पोटकलम आहे, एल, ते चार्जशीटमध्ये मला नेहमी दिसतं. शेजारचा काका, सावत्र बाप, क्लासवाले सर, यांना एल लागतं. टी मात्र क्वचित.

कारण टी मध्ये 'शिक्षा झालेला' असं म्हटलंय. गुन्हा दाखल असलेला नाही, अटक झालेला नाही, चार्जशीट गेलेला पण नाही. पहिल्या केसचा निकाल लागून तो दोषी ठरलेला पाहिजे. आणि इथेच सगळं अडतं, कारण पहिली केस चालतच असते, मधल्या काळात साहेब बेलवर बाहेर येतात, दुसऱ्या वस्तीत राहायला जातात, तिथे दुसरं मूल, आणि दुसऱ्या कोर्टात ते परत पहिल्यांदाच आलेले आरोपी. तीन एफआयआर असलेला माणूस कायद्याच्या हिशोबाने कोरा असू शकतो.

बरं, शिक्षा झालेली असली तरी काम सोपं नाही. त्या जोरावर जास्त शिक्षा मागायची तर आधीची शिक्षा कधी आणि कुठल्या कोर्टात झाली ते दोषारोपातच लिहावं लागतं. मग निकालाची सर्टिफाइड कॉपी आणायची आणि तेव्हाचा आरोपी हाच माणूस हेही सिद्ध करायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण निकाल दुसऱ्या जिल्ह्यातला, नावाचं स्पेलिंग वेगळं, पत्ता बदललेला आणि कोर्टाची कामं बघणाऱ्या पैरवी हवालदाराकडे आणखी ढीगभर केसेस. २०१८ पासून एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस आहे, सुरुवातीलाच त्यात चार लाखांहून जास्त नोंदी होत्या, तो पोलिसांना बघता येतो. पण बघायला पाहिजे ना कुणीतरी.

आणि हो, याने आधीही असंच केलंय असं ट्रायलमध्ये सरकारी वकिलांनी नुसतं म्हटलं तरी ते पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीने स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा दाखला दिला नसेल तर त्याचं वाईट चारित्र्य आपल्याला काढता येत नाही. घरच्यांना हे पटवणं फार जड जातं. मला स्वतःला नियम बरोबर वाटतो, नाहीतर पोलीस दरवेळी जुनाच माणूस धरून आणतील.

म्हणून माझा सगळा जीव पहिल्या केसवर असतो. आपल्याकडची दोन जुनी प्रकरणं बघा, दोन्ही पॉक्सोच्या आधीची. मडगावला फ्रेडी पीट्स नावाचा माणूस अनाथाश्रम म्हणून मुलं ठेवायचा, १९९१ मध्ये अटक झाली, घरात दोन हजारांहून जास्त फोटो आणि निगेटिव्ह सापडल्या, पत्रकार शीला बारसे यांनी त्या केसचा पिच्छा सोडला नाही आणि १९९६ मध्ये जन्मठेप झाली. अनेक मुलं, अनेक वर्षं, पण पुरावा फोटोत होता.

दुसरं कुलाब्याचं अँकरेज शेल्टर. फूटपाथवरच्या मुलांसाठी आश्रम चालवणारे दोन ब्रिटिश, पूर्वी रॉयल नेव्हीत असलेले. इथे मुख्य पुरावा म्हणजे मुलांचे शब्द. तक्रार २००१ ची, एकाला तर न्यूयॉर्कला पकडून आणावं लागलं. सेशन्स कोर्टाने २००६ मध्ये सहा वर्षं दिली, हायकोर्टाने २००८ मध्ये मुलांच्या साक्षीवर विश्वास न ठेवता सोडून दिलं, आणि सुप्रीम कोर्टाने मार्च २०११ मध्ये शिक्षा परत कायम केली. दहा वर्षं. तोपर्यंत ती मुलं बाप्ये झाली होती.

आता पॉक्सोत लिहिलंय की मुलाची साक्ष तीस दिवसांत घ्या, केस शक्यतो वर्षात संपवा, मुलाला आरोपी दिसू देऊ नका, वकिलांनी प्रश्न थेट न विचारता जज्जांमार्फत विचारा. मी पाहिलंय ते असं की साक्षच दोन-तीन वर्षांनी होते, तेव्हा सातची असलेली मुलगी दहाची झालेली असते, आणि पहिला प्रश्न येतो की शर्टाचा रंग कुठला होता. त्यात आरोपी नात्यातला असेल तर आई तोपर्यंत फुटून आरोपीच्या बाजूला गेलेली असते. साक्षीदार फितूर, आरोपी निर्दोष, आणि टी कायमचं बाद.

एकाच माणसाने चार मुलांना त्रास दिला असेल तर प्रत्येकाची वेगळी केस होऊन प्रत्येक मूल एकटं पडतं. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे केस कशी चालवायची ते सांगणाऱ्या कायद्यात, वर्षभरातले एकाच प्रकारचे तीनच गुन्हे एका ट्रायलमध्ये घेता यायचे, त्याच्या जागी आलेल्या नवीन बीएनएसएसमध्ये ते पाच झालेत. छोटा बदल आहे, त्यावर कुणी काही बोललं नाही, पण चार मुलं स्वतंत्रपणे तेच सांगतात हे एकाच जज्जांनी ऐकलं तर माझ्या मते खूप फरक पडेल.

आणि जुने एफआयआर जिथे उपयोगी पडतात ती जागा म्हणजे बेलची सुनावणी. ट्रायलमध्ये ते चालत नाहीत पण बेलच्या वेळी आरोपीचा पूर्वइतिहास कोर्ट बघतंच. पॉक्सोच्या केसमध्ये बेलच्या अर्जाची माहिती मुलाच्या घरच्यांना द्यायलाच हवी, मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. तरी बऱ्याच आईवडिलांना वाटतं की नोटीस म्हणजे आपल्यावरच काहीतरी आलं, ते घाबरून जातच नाहीत, किंवा पोलिसाच्या कागदावर 'हरकत नाही' च्या खाली सही करून मोकळे होतात. तशी सही करू नका. त्या तारखेला जा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, ऑफिस बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं. आधीच्या केसचा नंबर, पोलीस स्टेशन, साल, जे काय कानावर आलं असेल ते चिठ्ठीवर लिहून सरकारी वकिलांच्या हातात द्या, सुनावणी सुरू व्हायच्या आधी, नंतर त्यांना वेळ नसतो.