फुगणारे कॅपॅसिटर आणि सातवा हार्मोनिक

एका मिलिटरी स्टेशनची लाइट तपासायला गेलो होतो. गेटवर मोबाइल जमा, पेन ड्राइव्ह तर बॅगेतसुद्धा नको, आणि पॉवर अ‍ॅनालायझरचा बॉक्स इतका कसून तपासला की आतला फोमही उचकून बघितला. त्यामुळे तीन दिवसांची सगळी रीडिंगं मी दोनशे पानी वहीत पेनाने उतरवून घेतली. निघताना हवालदार साहेबांनी ती वही उघडली, पानंच्या पानं नुसते आकडे बघून म्हणाले, ये कोड है क्या? शेवटी तिथल्या जेई (ज्युनिअर इंजिनिअर) साहेबांना गेटवर यावं लागलं. स्टेशन कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही.

तक्रार अशी की वर्कशॉपच्या सबस्टेशनमधले कॅपॅसिटर फुगतात. नवे बसवले की चार-सहा महिन्यांत डब्याचं पोट पुढे, फ्यूज उडालेला, आणि टेस्ट बेंच सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला उगाचच ट्रिप. सगळ्यांचं एकच म्हणणं, महावितरणची लाइट खराब आहे, मोठा सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. एस्टिमेटपण तयार. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. जेई साहेब तेवढे म्हणाले, आधी मोजून तर बघू.

मिलिटरी स्टेशन म्हणजे स्वतःचं छोटं एमएसईबीच असतं हो. महावितरण एका ठिकाणी एचटी (हाय टेन्शन) सप्लाय देऊन मोकळी होते, तिथून पुढच्या केबल, ट्रान्सफॉर्मर, डीजी (डिझेल जनरेटर), पाण्याचे पंप, क्वार्टर्सची लाइट, सगळं एमईएसकडे, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे. म्हणजे मीटरच्या अलीकडे जी घाण आहे ती आपणच केलेली.

कॅपॅसिटर लावले ते बिलासाठी, ते पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरं काम करते ते प्रमाण) वर धरतात. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे एचटीचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामाची आणि बिनकामाची मिळून सगळ्या विजेवर येतं, पॉवर फॅक्टर पडला की सरळ पैसे जातात, त्यामुळे लावले यात चूक काहीच नाही. पण लोड बदललं ना. आधी बल्ब, पंखे, साध्या मोटारी होत्या, आता पंपांना व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह), बॅटरी चार्जिंगचे रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे), मोठे यूपीएस. ही सगळी मंडळी करंट तुकड्या-तुकड्यांनी ओढतात आणि ५० हर्ट्झच्या जोडीला २५० आणि ३५० हर्ट्झ, म्हणजे ५० च्या पाचपट-सातपट लहरी, पाचवा आणि सातवा हार्मोनिक, लाइनवर सोडतात. (एअरफोर्सकडे यात अजून एक भर, विमान जमिनीवर असताना त्याला ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झ लागतं, ते करणाऱ्या कन्व्हर्टरच्या तोंडाशी परत रेक्टिफायरच.)

आता गंमत बघा. ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीए, इंपीडन्स ५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट लेव्हल १०,००० केव्हीए. कॅपॅसिटर ५० केव्हीएआर (कॅपॅसिटरची क्षमता यात मोजतात) फिक्स आणि १५० ऑटोमॅटिक, म्हणजे लोड वाढेल तसे स्टेप-स्टेपने आत येणारे, एकूण २००. दहा हजाराला दोनशेने भागा, ५० आले, वर्गमूळ काढा, ७.०७, ही जोडी कितव्या हार्मोनिकवर झुलणार तो हा आकडा. म्हणजे सगळ्या स्टेप आत गेल्या की ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर मिळून बरोबर सातव्या हार्मोनिकवर झोपाळ्यासारखे झुलायला लागतात, आणि सगळ्या स्टेप आत जातात कधी तर वर्कशॉप फुल चालू असताना, अकरा-बाराला! एरवी १५० वर तोच आकडा ८ च्या वर सरकतो म्हणून कुणाला काही सापडत नव्हतं. मी कॅपॅसिटर बंद करून मोजलं तर व्होल्टेजचा टीएचडी (सगळ्या हार्मोनिकची मिळून भेसळ) ४ टक्क्यांच्या आसपास, सगळे चालू केले की ९ च्या वर. आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या स्टँडर्डमध्ये एलटीला (लो टेन्शन) मर्यादा ८ ची आहे. वहीतल्या त्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली.

स्टॅबिलायझर यात काय करणार, तो व्होल्टेज कमी-जास्त करतो, हार्मोनिकशी त्याला देणंघेणं नाही. आम्ही प्रत्येक कॅपॅसिटरच्या मागे ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर सुचवला, त्याने ट्यूनिंग १८९ हर्ट्झवर येतं, पाचव्याच्याही खाली. मात्र रिअ‍ॅक्टरमुळे कॅपॅसिटरवर व्होल्टेज वाढतं म्हणून जुने ४४० चे चालत नाहीत, ५२५ व्होल्टचे घ्यावे लागले. त्यावर स्टोअरवाल्यांशी झालेलं भांडण वेगळंच.

रात्रीची तक्रार वेगळी होती. लाइट गेली की १२५ केव्हीएचा डीजी सुरू व्हायचा आणि ओव्हर व्होल्टेजवर बंद पडायचा. ते ५० केव्हीएआर फिक्स कॅपॅसिटर इमर्जन्सी बसवरच (डीजीवर चालणाऱ्या लोडची पट्टी) लटकलेले, रात्री लोड जवळजवळ नाहीच, मग डीजीच्या अल्टरनेटरवर नुसता कॅपॅसिटरचा लीडिंग (व्होल्टेजच्या पुढे धावणारा) करंट. रेटिंगच्या साधारण पाचव्या भागापुढे लीडिंग गेलं की एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) हात टेकतो, इथे तर चाळीस टक्के! डीजी चालू झाला की कॅपॅसिटर तुटेल अशी एक वायर चेंजओव्हरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टमधून ओढली. विषय संपला. इतकी वर्षं डीजीवाल्याला शिव्या बसत होत्या.

ऑफिस ब्लॉकचं मात्र राहिलंय. तिथे साडेतीन कोअर केबल, म्हणजे न्यूट्रल फेजच्या निम्म्या साइजचा, आणि कॉम्प्युटर-एलईडीचा तिसरा हार्मोनिक तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये बेरीज होतो. टोंग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावला तर फेजला ६०-६५ अँपिअर, न्यूट्रलला ७८. मी वहीतलं पान फाडून जेई साहेबांना दिलं. ते म्हणाले केबल पुढच्या वर्षीच्या कामात टाकतो, तोवर अर्धे कॉम्प्युटर शेजारच्या फीडरवर घेतलेत आणि त्यांचा इलेक्ट्रिशियन दर सोमवारी न्यूट्रलच्या लगवर (केबलच्या टोकाचा जोड) टेंपरेचर गन धरून बघतो.