स्पॅन्डेक्सचा पडदा आणि त्याची खोड

हाताने दाबून चित्र बदलता येणाऱ्या लवचिक पडद्याची रचना दिसायला सोपी: चौकटीवर ताणलेलं पांढरं स्पॅन्डेक्स (ताणलं जाणारं कापड), मागे प्रोजेक्टर आणि प्रत्येक बिंदूचं अंतर मोजणारा कॅमेरा. टोकियो विद्यापीठातल्या 'ख्रोनोस प्रोजेक्टर'ने 2005 मध्येच असा दाबता येणारा पडदा दाखवला; दाबाल तिथलं चित्र काळात सरकतं.

खरी डोकेदुखी कापडाची. दोन्ही दिशांना सारखं ताणणारंच घ्या, नाहीतर दाबल्यावर पडणारा खळगा लांबट होतो. वीण विरळ असेल तर कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड किरण आरपार जातात आणि कॅमेरा कापडाऐवजी हातच मोजतो. किनेक्ट या मायक्रोसॉफ्टच्या अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याच्या दुसऱ्या आवृत्तीला 50 सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. तो मीटरभर मागे ठेवा, कारण दाबलेलं कापड त्याच्याकडेच येतं. प्रोजेक्टर किंचित तिरका हवा, नाहीतर भिंगाचा झोत थेट डोळ्यांत.

दाब ओळखण्यासाठी आधी पडद्याला हात न लावता कॅमेऱ्याच्या 60 फ्रेम घेऊन प्रत्येक पिक्सेलची सरासरी काढा आणि पुढच्या प्रत्येक मोजमापाची तिच्याशी वजाबाकी करा. सेंटिमीटरभराच्या आतला फरक सोडून द्या, तो बहुधा मोजमापातला गोंगाटच. कापड वापराने सैल पडतं, तेव्हा सरासरी पुन्हा घ्यायची. आणि कडेला कापड ताठ असतं: किती दाबलं की दाब मानायचा याची सगळीकडे एकच मर्यादा ठेवली, तर चित्रातली कडेची बटणं कितीही दाबा, मुकीच.