कोतराचं औषध वरच्या शेतात

बडोद्याहून वासदकडे जाताना मही नदीचा पूल लागतो. दोन्ही अंगांना चिरत गेलेल्या मातीच्या उभ्या भिंती दिसतात, त्याच महीच्या कोतरी, म्हणजे पाण्याने कापलेल्या खोल घळी. वाळवंटीकरण म्हटलं की कच्छचं रण डोळ्यांसमोर येतं. पण इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने २०१८-१९ सालासाठी काढलेल्या नकाशात देशातली सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन निकस झालेली दिसते आणि तिथं सगळ्यात मोठा वाटा पाण्याने होणाऱ्या धुपेचा आहे. म्हणजे बक्कळ पाऊस पडणाऱ्या गावातही जमीन ओसाड होते.

कोतर वाढते ती तळाकडून नव्हे, माथ्याकडून. शेतातलं पाणी कडेवरून खाली पडतं, पायथ्याशी डोह खणतं, कड खालून पोखरली जाते आणि वरचा मातीचा चिरा ओलाव्याच्या वजनाने कोसळतो. पुढच्या पावसात तेच, चार पावलं आत. तरीही बहुतेकजण पहिला खर्च करतात तो कोतराच्या तळात भिंत घालण्यावर! पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ म्हणतात ते इथे शब्दशः पाळावं लागतं.

दुसरा चोर मात्र दिसत नाही. कडेपासून आठ-दहा मीटर आत, शेतातच, मुठीएवढं भोक असतं. उंदराचं बीळ किंवा जुन्या मुळाची पोकळी. पाऊस चालू असताना तिथे उभं राहिलं तर पाणी भोवरा घेत आत जाताना दिसतं आणि खाली कोतराच्या भिंतीतून गढूळ धार बाहेर पडते. वरून पाटीभर माती टाकून हे भोक बुजत नाही. पोकळी तळापर्यंत उकरून उघडी करायची आणि ओलसर मातीचे १५ सेंमीचे थर देत, प्रत्येक थर धुमसाने ठोकून दाबत वर यायचं.

मग कडेचा बांध. कोतर जेवढी खोल, निदान त्याच्या दुप्पट अंतर सोडून तो घालावा. ४ मीटर खोल असेल तर ८ मीटर. जमीन जाते म्हणून लोक कडेलाच बांध घालतात आणि बांधासकट कड गमावतात. उंची १ मीटर, माथा अर्धा मीटर, दोन्ही बाजूंचा उतार दीडास एक. पाया साडेतीन मीटरचा होतो. १०० मीटर लांबीला २०० घनमीटर दाबलेली माती लागते. नुसत्या जेसीबीने टाकलेली माती बसते, म्हणून उंची सव्वा मीटर धरावी. माती शेताच्या बाजूनेच घ्यावी, पण सलग चर न खणता मधे मधे न खणलेल्या अडणी ठेवून. कोतराच्या बाजूला फावडं लावू नये.

या बांधाने पाणी तुंबवायचं नाही, ते वळवायचं. तुंबलं की भोकं शोधतं. म्हणून बांधालगत १०० मीटरला २० ते ३० सेंमी उतार ठेवून एका ठिकाणी पक्का सांडवा, म्हणजे पाणी बाहेर पडायची बांधलेली खाच, द्यावा. त्याचा हिशोब सोपा आहे. वरचं क्षेत्र ४ हेक्टर, पावसाचा जोर तासाला ९० मिमी आणि त्यातला ४० टक्के भाग वाहून येतो असं धरलं तर सेकंदाला ४०० लिटर पाणी येतं. दीड मीटर रुंद खाचेतून ते ३० सेंमी खोलीने जातं. वर आणखी २० सेंमी मोकळी ठेवा. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला होता. तसल्या दिवशी ही खाच पुरणार नाही, पण म्हणून सांडवाच न ठेवणं हा युक्तिवाद अजब आहे. सांडव्याखाली पाणी पडतं तिथे दगडी फरसबंदी हवीच, नाहीतर डोह पुन्हा खणला जातो.

तळातलं काम एवढं झाल्यावर. महीच्या गाळाच्या जमिनीत दगड विकत आणावा लागतो, त्यामुळे मातीच्या गोण्यांचे बंधारे परवडतात. गोणी दोन-तृतीयांश भरावी. गच्च भरलेली गोणी शेजारणीला चिकटून बसत नाही. विटांसारखे सांधे मोडत रचावं, दोन्ही काठांत अर्धा मीटर घुसवावं, मधला भाग २०-३० सेंमी खोलगट ठेवावा. काठात घुसवलं नाही तर पाणी बगलेतून जातं. एक मीटर उंचीचा बंधारा आणि ५ टक्के उतार असेल तर पुढचा २० मीटरवर. गोणीचं प्लॅस्टिक उन्हात लवकरच फाटतं, म्हणून त्याच पावसाळ्यात फटींतून वाळा किंवा मारवेल गवताचे ठोंब लावायचे. गोणी फाटेल तेव्हा गवताने माती धरलेली असली पाहिजे.

कायमचा बंधारा म्हणजे मानवेल बांबू. तळात आडव्या दोन ओळी, रोपं एकमेकांच्या फटीसमोर, मीटरभर अंतराने. बाकी तळात ५ बाय ५ मीटर, म्हणजे हेक्टरी ४००. वासदच्या मृद व जलसंधारण केंद्राने महीच्या कोतरीत बांबूवर बरंच काम केलं आहे. पहिली तीन वर्षं चराईबंदी नसेल तर पैसे वाया. बकरी निदान हाकलता येते, रोझ, म्हणजे नीलगाय, रात्री येतं. सहा-सात वर्षांनी तोड सुरू करता येते, पण तीन वर्षांवरच्याच काठ्या, पावसाळा सोडून, जमिनीवर एक-दोन पेरी ठेवून. बेटाच्या कडेच्या कोवळ्या काठ्या तोडायला सोप्या म्हणून तोडल्या की बेट गुदमरतं.

वेडी बाभूळ आपोआप येते आणि डोळ्यांना हिरवं वाटतं, पण दाट झाली की तिच्याखाली गवत उरत नाही आणि माती उघडीच राहते. जेसीबीने कोतर सपाट करून केळी लावण्याचा मोहही असाच. मीटर-दीड मीटर खोल घळ पायऱ्या काढून शेतीखाली आणता येते. सहा मीटरची भरलेली घळ मात्र भर बसत गेली की आतून पोकळ होते, आणि त्यावर पाटाने पाणी दिलं तर काम आणखी लवकर होतं. कडेजवळच्या पट्ट्यात पाणी द्यायचंच तर ठिबकने.

बांध मेच्या मध्यापर्यंत पुरा करावा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बांधाच्या कडेने एक फेरी मारावी. कुठे पाणी थांबतंय, कुठे भोवरा आहे, ते त्याच अर्ध्या तासात दिसतं. ऊन पडल्यावर तीच भोकं गाळाने झाकलेली असतात.